मध्यंतरापर्यंतचा आवाज

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर एखादा काळा, चपटा डबा बंद पडून असतो आणि त्याच्यावर कुणी चष्म्याचं घर, कुणी औषधाची पट्टी ठेवून देतं. तसाच एक डबा मी. मला रेकॉर्डर म्हणतात. टीव्हीवर जे लागेल ते साठवायचं आणि घरच्यांना हवं तेव्हा पुन्हा दाखवायचं, हे माझं काम होतं. आता मी काही दाखवू शकत नाही. सांगू मात्र शकतो, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक दालनात झाला. मधून सरकता पट्टा आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका. एकीने माझ्या पोटात सगळं साठवून ठेवणारी तबकडी बसवली, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने स्क्रू आवळले. तिचा स्क्रू-ड्रायव्हर वरून स्प्रिंगला टांगलेला होता. हात सोडला की तो आपला आपण वर जायचा. शेजारणीला ती सुनेच्या गोष्टी सांगत होती. माझं झाकण बसेपर्यंत सून रुसून माहेरी जाऊन परतसुद्धा आली.

झाकण बसण्याआधी एका यंत्राने माझ्यात एक गुप्त आकडा घातला. तो त्या बायकांना माहीत नव्हता, त्यांच्या साहेबांनाही नाही. मी जे साठवीन ते त्या आकड्याने कुलूपबंद होणार होतं. माझी तबकडी काढून दुसऱ्या डब्यात घातली, तर तिथे नुसती खरखर. शिवाय मला एक नियम शिकवण्यात आला. काही कार्यक्रमांवर डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते. त्या खुणेचा अर्थ असा, की हा कार्यक्रम एकदाच साठवायचा आणि त्याची नक्कल काढू द्यायची नाही. फार तर तो माझ्या पोटातून एखाद्या डीव्हीडीवर हलवता येईल. पण तिकडे जाताना तो इकडून पुसला गेला पाहिजे. कुठल्याही क्षणी तो जगात एकाच ठिकाणी असावा.

"लोक सिनेमांच्या ढीगभर नकला काढून फुटपाथवर विकतात ना, त्यांच्यासाठी आहे हे," तपासणीवाले साहेब नव्या मुलींना सांगत होते. मला ते अगदी पटलं. चोराला दार कोण उघडून देईल?

एका घरातला मोठा मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरी निघाला होता. जाण्याआधी त्याने मला दुकानातून उचलून घरी आणलं. त्याला घरात दादा म्हणत. टीव्हीमागे वाकून तारा जोडता जोडता तो म्हणाला, "बाबा, आता तुमच्या मॅचेस तुम्हाला बघता येतील."

बाबा पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते. पण सुट्टीच्या दिवशी ते बॅडमिंटनचे पंच असत. गावातल्या केबल वाहिनीवर सामने थेट दाखवत. बाबा त्या वेळी हॉलमध्ये उंच खुर्चीवर बसलेले असायचे, त्यामुळे स्वतःला टीव्हीवर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मला काय बघायचंय?" बाबा म्हणाले. "पंच दिसला नाही तर मॅच चांगली झाली असं समजायचं."

"तुम्ही नका बघू. मी बघीन," आई म्हणाली.

आणि आईने खरंच पाहिलं. सामना लागला की ती पंखा बंद करायची. हॉलमध्येही पंखे बंदच असत, कारण वाऱ्याने शटल भरकटतं. पण आईचं कारण वेगळं होतं. तिला बाबांचा आवाज नीट ऐकायचा असे. "सर्व्हिस बदल. नऊ-सात." एवढंच तर ते बोलायचे. स्वच्छ, सपाट, कुणाकडेही न झुकणारा आवाज. खेळाडू टीव्हीच्या मधोमध उड्या मारायचे आणि आई डाव्या कोपऱ्यात बघत बसायची, कारण तिथे खुर्चीचे पाय, बाबांचे बूट आणि कधीकधी कोपर दिसायचं.

"कोण जिंकलं गं?" धाकटी ऑफिसातून आल्यावर विचारायची.

"कुणास ठाऊक. पण ह्यांच्या शर्टाची बाही चुरगळली होती. सगळ्या गावाने बघितली असेल."

धाकटी म्हणजे ह्या घराची मुलगी. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांच्या चुका शोधून दमलेली असली, तरी घरी आल्यावर बाबांशेजारी बसून त्यांच्याही चुका शोधायची. कारण 'मला काय बघायचंय' म्हणणारे बाबा हळूहळू रोज बघायला लागले होते. खेळ नव्हे, स्वतःचे निर्णय. रिमोट हातात घेऊन ते एखादा फटका मागे न्यायचे, थांबवायचे, उठून टीव्हीला नाक लावायचे.

"बाहेर होतं," बाबा म्हणायचे.

"रेषेवर होतं, बाबा."

"रेषेवर म्हणजे आत. हे बाहेर होतं. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावायचो. त्या दोघांच्या वादात शटल बिचारं दहादा पडायचं आणि दहादा वर उचललं जायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. एकदा बाबांना दिसलं, की त्यांनी एका मुलीचा गुण चुकून कापला होता. सामना कधीच संपला होता, निकाल बदलणार नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी बूट घालून ते त्या मुलीच्या घरी गेले आणि तिला सांगून आले. परतल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली ती?" बाबा म्हणाले, "रडली. मग चहा दिला." 

तपासून झालं की बाबा सामना पुसून टाकायचे. पंचाचं काम संपलं की संपलं, कवटाळून काय बसायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझ्या पोटात त्यांचा एकही सामना फार काळ राहिला नाही. राहिला तो एकच, आणि तो का राहिला ते आता सांगतो.

तो एका स्पर्धेचा अंतिम सामना होता. धाकटी छापखान्यातून परस्पर हॉलवर गेली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. पहिला गेम संपला. बाबा म्हणाले, "मध्यंतर." मग नेहमीप्रमाणे त्यांनी माइक बंद करायचं बटण दाबलं; पण ते नीट दाबलं गेलं नाही. खेळाडू पाणी प्यायला गेले, हॉल जरा शांत झाला आणि सगळ्या गावाला, टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्या घरांना ऐकू आलं:

"अगं, जेवलीस का? डबा आहे बघ माझ्या पिशवीत. आधी खा, मग बस."

हा आवाज वेगळाच होता. सपाट नव्हता. शेवटाला किंचित वर चढणारा, घाईघाईचा, घरात चपला शोधताना असतो तसा.

हॉलमध्ये हशा पिकला. समालोचक म्हणाले, "ताई, पंचांनी विचारलंय, सांगून टाका!" पुन्हा हशा. कॅमेरा वळला. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बाबांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी माइककडे असं पाहिलं, जणू त्यानेच फितुरी केली. मग खाकरून, अगदी सपाट आवाजात म्हणाले, "खेळ सुरू."

घरी आई एकटीच होती. ती इतकी हसली, की तिला उठून पाणी प्यावं लागलं.

संध्याकाळी दोघं परत आली. बाबांनी पिशवी खाली ठेवण्याआधीच सांगितलं, "ते पुसून टाक आधी."

"का हो? चांगलं बोललात की."

"खुर्चीवर बसून असं बोलत नाहीत. शोभतं का ते? पूस म्हणतो ना."

"पुसते हो, पुसते," आई म्हणाली. आणि तिने रिमोटवरचं ते बटण दाबलं, ज्याने मी एखादी गोष्ट कधीच आपणहून पुसत नाही. जागा भरली तरी नाही. बाबा आंघोळीला गेल्यावर तिने धाकटीला डोळा मारला.

एवढं झाल्यावर त्या घरात काही काळ चिडवाचिडवी चालली. दादाचा फोन आला की तो 'हॅलो' न म्हणता "जेवलीस का?" असंच विचारायचा. समोरच्या घरातले काका बाबांना जिन्यात गाठून म्हणायचे, "पंचसाहेब, आमच्यासाठी पण आणला का डबा?" बाबा कपाळाला आठ्या घालायचे, पण त्या आठ्या खऱ्या नव्हत्या.

मग त्यांचा आवाज बसला. सर्दीने बसतो तसा, असं सगळ्यांना वाटलं. बाबांनी गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, दोन सामने दुसऱ्या पंचांना दिले. आवाज सुटला नाही. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. नंतर घरात सगळे एकमेकांशी हळू बोलायला लागले. शस्त्रक्रिया झाली आणि बाबा परत आले ते गळ्याला पांढरी पट्टी बांधून. आवाज गेला होता. कायमचा.

त्यांना पाटी दिली होती, खडू दिला होता. त्यांना लिहायचा कंटाळा. ते खुणा करायचे, आणि खुणा त्यांच्याजवळ तयारच होत्या. भाजीत मीठ जास्त झालं, की ते दोन्ही हात आडवे पसरायचे, म्हणजे 'बाहेर'. चहा चांगला झाला, की उजवा हात खाली दाखवायचे, म्हणजे 'आत'. आई हसायची. हसता हसता ओट्याकडे तोंड फिरवायची.

एका दुपारी बाबा एकटेच माझ्यासमोर बसले होते. आई आत कपडे घड्या करत होती. त्यांनी रिमोट घेतला, यादी उघडली, खाली खाली येत राहिले. तो सामना त्यांना दिसला. आईने तो पुसला नाही हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी तो लावला. पहिला गेम पळवला. "मध्यंतर" आलं, तिथे थांबले, मग पुढे जाऊ दिलं. "अगं, जेवलीस का? डबा आहे बघ माझ्या पिशवीत. आधी खा, मग बस." त्यांनी ते परत ऐकलं. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात अर्धवट घडी घातलेली चादर होती. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. नुसता उजवा हात उचलून, रेषा दाखवावी तसा खाली केला.

आत.

बाबा फार दिवस राहिले नाहीत.

त्यानंतर माणसं आली, गेली. दादा काही दिवस राहून परत गेला, कारण नोकरी. धाकटी छापखान्यात जाऊ लागली. दुपारी घरात आई आणि मी. आई ताट वाढून घ्यायची, ते झाकून ठेवायची आणि मग माझा दिवा लावायची. सामना पहिल्यापासून बघायचा नाही. थेट मध्यंतर. ते वाक्य झालं, हशा झाला, "खेळ सुरू" झालं, की ती मला बंद करायची आणि जेवायला बसायची. रोज. माझ्यासारख्या डब्याला रोज ठरलेलं काम असणं ही मोठी गोष्ट होती. मी वाट बघायचो म्हटलं तरी चालेल.

पण माझंही वय झालं होतं. पोटातली तबकडी टिकटिक करायला लागली. चित्र मध्येच थिजायचं, चौकोन चौकोन व्हायचं, आणि अडायचं ते नेमकं त्याच भागात. आई घाबरून मागे न्यायची, पुन्हा लावायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी कसाबसा तो भाग ओलांडायचो. एके दिवशी चार खेपा लागल्या. आईने ताट तसंच ठेवलं आणि धाकटीला फोन केला. "ह्याला काहीतरी होतंय गं. लवकर ये."

धाकटीने दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. ते गप्पिष्ट गृहस्थ होते. माझं झाकण उघडून म्हणाले, "अरे वा, इथे मुंग्यांनी संसार थाटलाय!" मग टिकटिक ऐकून त्यांनी कान माझ्याजवळ आणला.

"तबकडी गेली म्हणायची. बदलून देतो."

"आणि आतलं?" धाकटीने विचारलं.

"आतलं जाणार."

"त्याची कॉपी काढून द्या ना आधी."

त्यांनी यादीत पाहिलं, मान हलवली. "ह्याच्यावर खूण आहे, ताई. नक्कल होत नाही. हलवता येईल, तेही एकदाच. इकडून पुसत पुसत तिकडे लिहिणार तो. त्यात हा असा आजारी. मध्ये अडला, तर इकडचं गेलेलं असणार आणि तिकडे आलेलं नसणार."

धाकटीने कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजल्यावर एक नम्र बाई बोलल्या.

"मॅडम, तो कार्यक्रम आपल्या मालकीचा नाही, वाहिनीचा आहे."

"पण आवाज माझ्या वडिलांचा आहे."

"हो मॅडम. पण कार्यक्रम वाहिनीचा आहे."

धाकटी वाहिनीच्या कचेरीतही जाऊन आली. वाहिनी केव्हाच बंद पडली होती. त्या जागेत आता पडदे शिवून मिळत होते.

दादा रजा घेऊन आला. तिघं माझ्यासमोर बसली आणि दुरुस्तीवाले पुन्हा आले. ते जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाले, "एक उपाय आहे. माझ्याकडे एक बारकी डबी आहे. ह्याच्या नि टीव्हीच्या मध्ये लावली, की ती खूण गळून जाते. नुसतं लावून बघायचं, पलीकडे उतरवून घ्यायचं. इथलं काही पुसलं जात नाही. मग करा हव्या तेवढ्या कॉप्या. रीतसर नाही ते, पण कुणाला कळणार आहे?"

"आणा," धाकटी म्हणाली.

"नको," आई म्हणाली.

"आई!"

"कळण्याचा प्रश्न नाही. ह्यांनी एका गुणासाठी त्या पोरीचं घर गाठलं होतं. ह्यांचा आवाज चोरून घ्यायचा?"

"बाबांचा आवाज बाबांच्याच घरात चोरीचा कसा होईल? दादा, तू बोल ना काहीतरी."

दादा खाली बघत म्हणाला, "आई, नियम चोरांसाठी असतो."

"मग आपण कशाला मोडायचा? एकदा हलवायचं म्हणतात ना, मग एकदा हलवू. रीतसर. एक पुरेल आपल्याला. मला कुठे दुकान काढायचंय?"

दुरुस्तीवाल्यांनी हात जोडले आणि पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाले, "निदान आधी गार होऊ द्या त्याला. आणि मध्ये हात लावू नका."

तुम्ही म्हणाल, टीव्हीसमोर फोन धरून चित्र घ्यायचं, त्यात काय एवढं? दादाने तेही केलं. चित्रावर काळे पट्टे वरून खाली सरकत होते आणि बाबांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आला होता. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. आईने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "पूस ते. असे दिसायचे का हे? नीट मिळणारच आहे आता, हे कशाला?" दादाने धाकटीकडे पाहिलं. धाकटीही तेव्हा म्हणाली, "पूस, दादा. तिला त्रास होतोय." आणि दादाने ते पुसलं.

मला बोलता आलं असतं, तर मी तेव्हा ओरडलो असतो. पण आम्हा डब्यांना दुसऱ्यांचेच आवाज दिलेले असतात.

सकाळची वेळ होती. मी रात्रभर बंद राहून गार झालो होतो. दादाने नवी डीव्हीडी कडा धरून माझ्या तोंडात ठेवली. आईने पंखा बंद केला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पडद्यावर प्रश्न आला: हलवायचं का? हलवल्यावर मूळ पुसलं जाईल. दादाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "दाब."

मी सुरुवात केली. एक घास उचलायचा, तिकडे लिहायचा, इकडचा पुसायचा. खेळाडू कोर्टवर आले, गेले तिकडे. "सर्व्हिस बदल." गेलं तिकडे. पहिल्या गेमचे सगळे फटके, टाळ्या, बाबांचे बूट, त्यांचं कोपर, सगळं नीट पोचलं. किती गेलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्याच्या जवळ आली. दादा बोटं मोडत होता. धाकटी माझ्या दिव्याकडे बघत होती.

"मध्यंतर." तेही पोचलं.

मग टिकटिक सुरू झाली. मी पुढचा घास उचलायला गेलो, हाताला लागेना. पुन्हा गेलो. पुन्हा. आई मागे नेऊन पुन्हा लावायची तेव्हा मला कितीही खेपा मिळत. ह्या कामात मोजक्याच होत्या. त्या संपल्या आणि पडद्यावर अक्षरं आली: हलवणे अपूर्ण. आणि अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं मला ठेवता येत नव्हतं, कारण मला घडवतानाच ते तसं सांगितलेलं होतं. उरलेल्या भागाच्या कुलपाची किल्ली मी मोडली. यादीतली ती ओळ नाहीशी झाली.

दादाने डीव्हीडी काढली, पुसली, परत घातली, लावली. सामना छान दिसत होता. रंग स्वच्छ, आवाज स्वच्छ. "सर्व्हिस बदल, नऊ-सात" असं बाबा म्हणत होते, कुणाकडेही न झुकता. शेवटी "मध्यंतर" म्हणाले आणि पडदा निळा झाला.

"पुढचं?" आईने विचारलं.

धाकटीने तिचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. ती म्हणाली, "मीच म्हटलं ना, रीतसर." दादा उठून गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला.

डीव्हीडी दादाने आईजवळच ठेवली. ती कपाटात आहे. आई ती लावत नाही. "त्यातला तो नुसता पंच आहे," असं ती एकदा म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी जेवताना आई म्हणाली, "कसं म्हणाले होते गं ते? 'आधी जेवून घे, मग बस.'"

"'आधी खा'," धाकटी म्हणाली. "'जेवून घे' नाही."

"जेवून घे. मी रोज ऐकायचे."

"आई, मलाच म्हणाले होते ना ते? 'डबा आहे माझ्या पिशवीत. आधी खा.'"

"'डबा आहे बघ', असं. 'बघ' होतं त्यात."

"'बघ' नव्हतं."

त्यांनी दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "मला वाटतं, 'खाऊन घे' होतं." धाकटी एकदम ओरडली, "अरे, असं नाही रे!" आणि फोन ठेवून ती रडली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. दिवसभर लोकांचे शब्द तपासणारी ती मुलगी; आणि हे एक वाक्य ताडून बघायला तिच्याजवळ आता मूळच उरलं नव्हतं.

मित्रांनो, मी ते तुम्हाला जसं सांगितलं तसंच ते होतं, असं मला वाटतं. पण माझा भरवसा धरू नका. त्या भागाचे तुकडे अजून माझ्या पोटात आहेत. ते कुठेही गेलेले नाहीत. फक्त किल्ली नाही, आणि किल्लीवाचून ती सगळी खरखर आहे, मलासुद्धा. बाबांचा आवाज माझ्या आत आहे आणि मी तो ऐकू शकत नाही.

मला भंगारात दिलेलं नाही. आठवड्यातून एकदा आई मला उचलते, खालची धूळ पुसते आणि परत ठेवते.

तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी माझ्यासारखे डबे घडवायला बसेल. चोरांसाठी कुलपं घाला, मी नको म्हणत नाही. पण नियम लिहिण्याआधी एखाद्या घरी जा. दुपारच्या वेळी जा. ताट झाकून ठेवून बसलेल्या बाईशेजारी जरा बसा आणि ती काय ऐकते आहे ते विचारा. मग ठरवा, ते तिला कितीदा द्यायचं.